आधी नळी, मग नेम: मुलांना नेमबाजी शिकवायची तर

मुलाला नेमबाजी शिकायला रेंजवर न्यायचं ठरवलं असेल, तर त्याआधी घरीच एक करून बघा. दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल माळ्यावरून काढा, टिकल्या न भरता त्याच्या हातात द्या आणि काही न बोलता नुसतं बघा. बहुतेक मुलं पहिल्या काही क्षणांतच ते कोणावर तरी रोखतात. आजीवर, धाकट्या बहिणीवर, नाहीतर आरशातल्या स्वतःवर. बोट तर पिस्तूल हातात येताच चापावर गेलेलं असतं. यात मुलाला दोष देऊ नका. त्यानं "ठो!" केल्यावर आपणच आजवर हसत हसत पडून दाखवलेलं आहे. पण नेमबाजीचा पहिला धडा तिथंच सुरू होतो, आणि तो मुलाच्या बरोबरीनं घरातल्या मोठ्या माणसांनीही गिरवायचा असतो.

मी पुण्यात शनिवार-रविवारी लहान मुलांच्या तुकडीला एअर रायफल आणि एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या दाबानं छर्रा मारणारी हत्यारं, शिकवतो. 1 ऑगस्ट 2024 ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून) ब्राँझ पदक जिंकलं आणि माझा फोन वाजायचा थांबेना. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा रेल्वेत पुण्याला तिकीट तपासनीस, सराव आपल्या बालेवाडीत. 1952 साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक मिळवलं, त्यानंतर 72 वर्षांनी मराठी मातीतल्या माणसाला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक मिळालं होतं. लोकांचा ऊर भरून येणं साहजिक होतं, माझाही आला. फोनवरचे प्रश्न मात्र ठरलेले असायचे: रायफल केवढ्याला पडते, राज्यस्तरावर जायला किती महिने लागतील, दहावीला क्रीडा गुण मिळतात का. "ही वस्तू घरात आल्यावर आम्ही काय काळजी घ्यायची?" हा प्रश्न क्वचितच कोणी विचारला. हा लेख त्याच प्रश्नासाठी आहे. बाकीच्यातली काही उत्तरं ओघात येतीलच.

मूल तयार आहे का

वयाचा आकडा पुढे कायद्याच्या भागात येईल. माझ्या लेखी वयापेक्षा तीन गोष्टी महत्त्वाच्या. मूल दहा मिनिटं एका जागी शांत उभं राहू शकतं का? "थांब" म्हटल्यावर पहिल्या हाकेला थांबतं का, की तिसऱ्या? आणि हातून काही फुटलं-सांडलं तर आपणहून येऊन सांगतं का? तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. रेंजवर चूक होतेच. ती लपवणारं मूल धोक्याचं असतं. "सर, माझ्याकडून छर्रा भरलेला राहिलाय" असं हात वर करून सांगणारं मूल आपलं आणि शेजारच्याचं रक्षण करतं.

अंगाचाही विचार करा. स्पर्धेची एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत भरू शकते. पस्तीस किलोच्या मुलाला ती खांद्याला लावून तासभर उभं केलं तर कंबर एका बाजूला वाकते आणि तीच सवय लागते. तेरा-चौदा वर्षांपर्यंत हलकी रायफल, नाहीतर स्टँडवर टेकवून सराव, आणि जोडीला पाठीचे-पोटाचे व्यायाम. सूर्यनमस्कार आणि प्लँक एवढं नेमानं केलं तरी पहिल्या वर्षी पुरतं.

काही आया काळजीनं विचारतात, "कोयते घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या बातम्या रोज वाचतो, त्यात आपणच मुलाच्या हातात बंदूक द्यायची?" हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. माझा अनुभव असा की रेंजवर शस्त्राभोवतीचं गूढ पहिल्या पंधरवड्यातच संपतं. उरते ती शिस्त, कंटाळा येईल इतकी पुनरावृत्ती आणि स्वतःच्या श्वासाशी चाललेली झटापट. तरीही जे मूल रागाच्या भरात वस्तू फेकतं किंवा शस्त्रांबद्दल बोलताना फक्त कोणाला तरी इजा करण्याचंच बोलतं, त्याला मी घेत नाही. आई-बाबांना बाजूला बसवून समुपदेशकाकडे जायला सांगतो. आणि ज्या मुलाला स्वतःला यायचंच नाही, बाबांची राहून गेलेली हौस म्हणून आणलंय, त्यालाही दुसऱ्या खेळात रमू द्यावं.

मुलींचं काय, असं अजूनही विचारलं जातं म्हणून सांगतो. महाराष्ट्राच्या नेमबाजीची मान उंच केली ती मुलींनीच. अंजली भागवत 2000 साली सिडनी ऑलिंपिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, विश्वविजेत्या झाल्या. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं.

कायदा काय सांगतो

शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे 21 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही बंदूक स्वतःजवळ बाळगता येत नाही. प्रशिक्षणाला सवलत आहे: 12 वर्षांवरच्या मुलाला जाणत्या प्रौढाच्या थेट देखरेखीखाली सरावापुरतं शस्त्र हाताळता येतं. म्हणजे .22 च्या, काडतुसाच्या रायफलीचा सराव मूल करू शकतं, पण ती त्याची होत नाही आणि देखरेख करणारा माणूस चहाला जाऊ शकत नाही. एनसीसीमध्ये ज्यांनी फायरिंग केलंय त्यांना ही शिस्त ठाऊक असेल.

एअर रायफल आणि एअर पिस्तुलाचं वेगळं आहे. 4.5 मिलिमीटर कॅलिबर आणि 20 ज्यूलपर्यंतच्या ऊर्जेच्या एअर हत्याराला परवाना लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल साधारण साडेसात ज्यूलच्या आसपास असते, त्यामुळे ती या मर्यादेत आरामात बसते. पण "परवाना नको" याचा अर्थ पुष्कळ लोक "खेळणं आहे" असा लावतात. अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा सेकंदाला 170 मीटरच्या आसपास वेगानं जातो. डोळा कायमचा जायला तेवढं पुरे आहे. गच्चीवरून कबुतरांवर नेम धरणं, सोसायटीच्या मागे बाटल्या मांडणं, गावी गेल्यावर शेतात "जरा दाखव रे" म्हणून चुलतभावांना देणं, यातलं काहीही चालणार नाही. छर्रा फक्त रेंजवर भरायचा.

एअर रायफल नेहमी पालकांच्या नावानं, ओळखपत्र देऊन, रीतसर बिल करून घ्या. नेताना ती बंद पेटीतच न्यायची. पेटीच्या कप्प्यात बिलाची प्रत आणि क्लबचं ओळखपत्र ठेवा. गणेशोत्सवाच्या बंदोबस्तात एखाद्या पोलिसानं पेटीत काय आहे असं विचारलं, तर मुलानं घाबरून न जाता कागद दाखवून नीट सांगावं, हेही त्याला आधी शिकवून ठेवा.

लग्नाच्या वरातीत, मिरवणुकीत हवेत गोळीबार करणाऱ्यांचं कौतुक मुलांसमोर कधीही करू नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा गोळीबारानं कोणाचा जीव धोक्यात आला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, एवढं मुलाला समजावलं तरी त्याला हा कायदा कशासाठी आहे ते कळतं.

रेंज निवडताना

बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी उभं राहिलं. तिथं 10, 25 आणि 50 मीटरच्या रेंज आहेत, आणि 2008 च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेतली नेमबाजीही पुण्यानं तिथेच पाहिली. मोठी मुलं पुढे तिथं पोचतात. सुरुवातीला मात्र घरापासून अर्ध्या तासावरची, शाळेतली किंवा एखाद्या सभागृहातली 10 मीटरची साधी रेंज पुरते. रोज तासभर वाहतुकीत गेला तर मूल रेंजवर पोचेपर्यंतच थकलेलं असतं.

पहिल्या भेटीला मुलाला नेऊ नका. एकटे जा, मागच्या बाकावर तासभर बसा आणि बघा. फायरिंग लाइन रंगानं आखलेली आहे का? कोणी टार्गेटकडे जायच्या आधी सगळी हत्यारं उघडून खाली ठेवली जातात का, आणि ते एक माणूस फिरून तपासतो का? न वापरलेल्या प्रत्येक रायफलीच्या नळीत भडक रंगाची सेफ्टी फ्लॅगची दोरी, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण, दिसते का? छर्रे अडवायला मागे नीट व्यवस्था आहे, की प्लायवूडवर भागवलंय? हात धुवायला बेसिन आणि साबण आहे का? शेवटचं ऐकून लोक चकित होतात, पण छर्रे शिशाचे असतात. शिसं बोटांना लागतं आणि तिथून डब्यातल्या पोळीला. रेंजवर खाणं-पिणं बंद आणि हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, असा नियम जिथे पाळला जातो तिथले लोक बाकीच्या बाबतीतही जागरूक असतात, असं मला दिसून आलंय.

प्रशिक्षकाला एकच प्रश्न विचारा: "माझं मूल पहिला छर्रा कधी मारेल?" उत्तर "आजच, बघा ना!" असं आलं तर दुसरी रेंज बघा.

पहिला महिना, छर्र्याविना

हा भाग मी लांबवणार आहे, कारण खरं शिक्षण इथंच होतं.

चार नियम आहेत. मुलांकडून मी ते पाठ करून घेतो आणि दर वर्गाच्या सुरुवातीला कोणा एकाला म्हणायला लावतो. एक, प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं समजायचं. दोन, नळी नेहमी टार्गेटच्या दिशेला. तीन, नेम धरून होईपर्यंत बोट चापाच्या बाहेर, सरळ. चार, ज्याच्यावर नेम धरलाय ते आणि त्याच्या मागे काय आहे ते नीट ओळखल्याशिवाय शॉट नाही. पाठ करणं सोपं आहे. पण नियम तोंडात असून भागत नाही, हातात उतरावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

मी हे कसं शिकलो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका रेंजवर तेरा वर्षांची एक मुलगी माझ्या तुकडीत होती. हुशार, नेटकी, चारही नियम घडाघडा म्हणणारी. छर्रा भरून, रायफल खांद्याला लावून ती नेम धरत होती. मागून तिच्या आईनं हाक मारली, "अगं, डबा गाडीतच राहिला का?" आणि मुलगी आईशी बोलायला पूर्ण वळली. रायफलीसकट. बाकावरची सात-आठ माणसं त्या नळीसमोर आली. मी दुसऱ्या टोकाला होतो. "स्टॉप" म्हणून ओरडलो, ती गोठल्यासारखी थांबली, बोट चापाच्या बाहेर होतं म्हणून काही झालं नाही. ती नंतर तासभर रडत होती. आईनं हाक मारली की वळायचं, हे तिचं शरीर जन्मापासून शिकलेलं होतं. नियम शिकून तिला तीनच आठवडे झाले होते. त्या आईला मी काहीच सांगितलेलं नव्हतं. चूक माझी होती.

तेव्हापासून माझ्याकडे पहिला वर्ग पालकांचा असतो. मूल फायरिंग लाइनवर असताना त्याला हाक मारायची नाही, जवळ जायचं नाही, फोटोसाठी "इकडे बघ" म्हणायचं नाही. काही सांगायचं असेल तर प्रशिक्षकाला सांगायचं. आणि मुलांना मी हाका मारून मारून तयार करतो. रिकामी, फ्लॅग घातलेली रायफल हातात देतो आणि मागून मित्रांना त्याचं नाव घ्यायला लावतो, टाळी वाजवतो, बाटली पाडतो. मुलानं आधी बोट बाहेर आहे हे बघायचं, रायफल टेबलावर नळी पुढे करून ठेवायची, हात काढायचे आणि मगच मान वळवायची. पहिल्या दिवशी सगळेच चुकतात. तिसऱ्या आठवड्यात पाडलेली बाटली त्यांना ऐकूही येत नाही.

हत्यार देणं-घेणं हा दुसरा सराव. देणारा बोल्ट किंवा लिव्हर उघडतो, छर्र्याची जागा रिकामी असल्याचं बघतो, फ्लॅग घालतो आणि म्हणतो, "रिकामी आहे." घेणारा त्याच्यावर विश्वास न ठेवता स्वतः वाकून बघतो आणि म्हणतो, "बघितली, रिकामी आहे." मग हातात घेतो. माझ्या हातून रायफल घेतानाही मुलानं हे केलंच पाहिजे. कधी कधी मी मुद्दाम फ्लॅग न घालता देतो. जो मुलगा "सर, फ्लॅग?" म्हणून हात मागे घेतो त्याचं मी सगळ्यांसमोर कौतुक करतो. मोठ्या माणसाला अडवण्याचं हे धाडस आपल्या मुलांना सहसा कोणी शिकवत नाही. रेंजवर ते लागतं.

आदेश इंग्रजीतले, सगळ्या देशात तेच: लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. यातला "स्टॉप" कोणीही ओरडू शकतो, अगदी आज पहिल्यांदा आलेलं मूलसुद्धा. कोणी लाइनच्या पुढे गेलेलं दिसलं, काही विचित्र वाटलं, की ओरडायचं. आणि चुकून ओरडलं म्हणून रागवायचं नाही. एकदा रागावलात तर ते मूल पुढच्या वेळी, खरी गरज असताना, गप्प बसेल.

याच महिन्यात प्रबळ डोळा कोणता ते बघून घ्या. दोन्ही हात समोर लांब करून अंगठे आणि तर्जनी जुळवून छोटी खिडकी करायची, त्यातून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी बघायची आणि मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला वस्तू खिडकीत जागच्या जागी दिसते तो प्रबळ. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा प्रबळ निघाला तर घाबरायचं कारण नाही. प्रशिक्षक ठरवेल की बाजू बदलायची की दुसऱ्या डोळ्यापुढे छोटी पट्टी लावायची. डोळा मिचकावून नेम धरायला मात्र शिकवू नका. जत्रेत फुगे फोडताना आपण सगळे तसं करतो, पण तासभर एक डोळा आवळून ठेवला की दुसराही थकतो.

ड्राय फायर, म्हणजे छर्र्याविना चाप ओढण्याचा सराव, चौथ्या आठवड्यात सुरू होतो. स्पर्धेच्या रायफलीत त्यासाठी वेगळी सोय असते. साध्या स्प्रिंगच्या एअरगनवर हे करू नका, आतला पिस्टन खराब होतो.

पहिले शॉट

पहिले छर्रे कोऱ्या कागदावर मारायचे. गोल नाहीत, गुण नाहीत. पाच छर्रे, रायफल टेकवून. पाचही छिद्रं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली की मूल पुढे सरकतं. ती कागदाच्या मधोमध आहेत की कोपऱ्यात, याला अजून महत्त्व नाही. छर्रे एकाच जागी पडू लागले की साइटचे, म्हणजे ज्यातून बघून नेम धरतात त्या भागाचे, दोन-चार क्लिक फिरवून तो पुंजका मध्ये आणता येतो. विखुरलेले असतील तर कुठलाही क्लिक उपयोगाचा नाही.

नेम कसा दिसायला हवा हे रायफल आणि पिस्तुलात वेगवेगळं आहे. रायफलीत मागचं बारीक छिद्र, पुढचं कडं आणि टार्गेटचा काळा गोल हे सगळे एकात एक बसलेले दिसले पाहिजेत. पिस्तुलात मागच्या खाचेत पुढची साइट, दोन्ही बाजूंना सारखी फट आणि वरची कड एका रेषेत. पिस्तुलवाल्या मुलांना सर्वांत जड जातं ते हे, की नजर पुढच्या साइटवर ठेवायची आणि टार्गेट धूसर दिसू द्यायचं. मन सारखं गोलाकडे धावतं.

श्वास अर्धा सोडून थांबायचं, पाच ते आठ सेकंदांत चाप हळूहळू मागे. शॉट सुटल्यावरही क्षणभर तसंच राहायचं. आणि आठ सेकंदांत नाही सुटला तर रायफल खाली. मुलांना हे अपयश वाटतं. मी त्यांना उलट शिकवतो: आज किती शॉट सोडून दिलेस ते वहीत लिही. हात थरथरत असताना, वेळ टळून गेल्यावर "आता ओढूनच टाकू" असं वाटणं आणि तरीही न ओढणं, या एका सवयीतून नेमही सुधारतो आणि सुरक्षितताही हातात मुरते.

मॉनिटर बघायच्या आधी मुलानं शॉट कुठे गेला ते सांगायचं: "उजवीकडे, थोडा खाली." पुढे-पुढे अंदाज खरे ठरू लागतात. एअर रायफलीच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्याएवढा असतो, दहा मीटरवरून. पिस्तुलाचा दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा. रायफलीत गुण दशांशात मोजतात, एका शॉटला जास्तीत जास्त 10.9. हे आकडे मुलांना सांगितले की त्यांचे डोळे चमकतात, म्हणून सांगायचे. पण पहिल्या सहा महिन्यांत गुणांची वही मी पालकांना दाखवत नाही.

खरेदीची घाई नको

सहा महिने क्लबचं हत्यार वापरा. परदेशी बनावटीची स्पर्धेची एअर रायफल दोन लाखांच्या पुढे जाते, आणि चार महिन्यांत मुलाचं मन पिस्तुलाकडे वळलेलं मी अनेकदा पाहिलंय. आधी घ्यायचा तो डोळ्यांना संरक्षक चष्मा आणि पायांत सपाट तळव्याचे बूट. जॅकेट त्यानंतर. वाढत्या वयात ते वर्ष-दीड वर्षात आखूड होतं, तेव्हा मोठ्या मुलांचं वापरलेलं मिळालं तर उत्तम. पुढे .22 कडे गेलात तर कानांना संरक्षण हवंच.

जुनी रायफल घेताना हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. त्यात 200 बार दाबाची हवा असते, म्हणजे गाडीच्या टायरच्या शंभर पटींच्या आसपास. मुदत दहा वर्षांची; उलटून गेली असेल तर भाव कितीही कमी असो, तो सिलिंडर वापरू नका. हवा मोठ्या माणसानंच आणि हळूहळू भरायची. जोडाला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. आणि एप्रिल-मेच्या पुण्यात बंद गाडीच्या डिकीत सिलिंडर ठेवून कुठेही जायचं नाही. पावसाळ्यात उलट काळजी: घरी आल्यावर पेटी उघडून रायफल कोरड्या फडक्यानं पुसायची, नाहीतर आठवड्यात गंज धरतो.

घरात

रायफल कुलूपबंद कपाटात, छर्रे दुसऱ्या कपाटात, सिलिंडर काढून वेगळा. किल्ली मोठ्या माणसाकडे, आणि ती कुठे असते हे मुलाला माहीत नको. "आमचा मुलगा समंजस आहे" हे मी ऐकतो आणि मानतोही. पण दिवाळीत आलेली भाचरं, वाढदिवसाला आलेले मित्र, त्यांचं काय? पाहुण्यांनी "बघू तरी रायफल" म्हटलं तर आमच्याकडे ठरलेलं उत्तर आहे: "रविवारी रेंजवर या, तिथं दाखवतो." कोणी रागावत नाही. काही जण खरंच येतात.

खंडेनवमीला रायफलीची पूजा करायला हरकत नाही, मीही करतो. पण पाटावर ठेवतानासुद्धा बोल्ट उघडा, फ्लॅग नळीत, नळी भिंतीकडे. हळद-कुंकू पेटीला लावा, यंत्रणेत जाऊ देऊ नका. मुलं हे बघतात, आणि पूजेच्या दिवशीही नियम सुटत नाही हे त्यांच्या मनावर ठसतं.

रील नाही. रायफल हातात घेऊन, कॅमेऱ्याकडे रोखून, गाणं लावून केलेली पंधरा सेकंदांची चित्रफीत मुलाचं वर्षाचं शिक्षण पुसून टाकते. पोलिसांच्या दारात उभं राहायची वेळ येऊ शकते ते वेगळंच. टार्गेटचा फोटो टाका, पदकाचा टाका.

एक नाजूक गोष्ट. मूल खचलेलं असेल, निकालानं, मैत्री तुटल्यानं, घरातल्या ताणानं, तर काही दिवस रायफल घराबाहेर, क्लबच्या कुलपात ठेवा आणि प्रशिक्षकाला स्पष्ट सांगा. यात कमीपणा नाही. प्रशिक्षकानं ते इतर कोणाला सांगायचं नाही. आणि तेवढ्यावर थांबू नका, मुलाशी बोला, गरज वाटली तर डॉक्टरांकडे जा.

दुसऱ्याच्या घरी, गावच्या काकांकडे परवान्याची बंदूक दिसली तर मुलानं काय करायचं तेही शिकवा. हात लावायचा नाही, त्या खोलीतून निघायचं आणि मोठ्यांना सांगायचं. इथे रिकामी आहे का ते तपासायची हुशारी दाखवायची नाही.

पहिली स्पर्धा

दोन वाटा आहेत. एक शालेय क्रीडा स्पर्धांची, 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या गटांत, शाळेमार्फत, जिल्हा पातळीवरून वर. दुसरी रायफल असोसिएशनची, राज्य स्पर्धेपासून सुरू होणारी. त्या वाटेवर पुढे मावळणकर स्पर्धा येते. 1951 मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन उभी करणाऱ्या ग. वा. मावळणकरांचं, आपल्या पहिल्या लोकसभा अध्यक्षांचं, ते नाव. कोणत्या गटातून, ओपन साइट (उघड्या खाचेची) की पीप साइट (बारीक छिद्राची), देशांतर्गत नियमांनी की आंतरराष्ट्रीय, हे प्रशिक्षकावर सोडा. प्रवेशिका भरताना जन्मदाखला आणि शाळेचं बोनाफाइड मात्र आधीच काढून ठेवा. ऐन वेळी त्यासाठी धावपळ होते.

स्पर्धेच्या दिवशी आधी साहित्य तपासणी. पिस्तुलाच्या चापाला 500 ग्रॅमचं वजन अडकवून उचलतात, ते पेललं पाहिजे. जॅकेटची जाडी मोजतात. मुलाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते दचकणार नाही. मोठ्यांच्या सामन्यात तयारीला आणि सरावाच्या शॉटला 15 मिनिटं, मग 60 शॉटसाठी सव्वा तास मिळतो. लहान गटात शॉटची संख्या स्पर्धेनुसार बदलते.

तुम्ही मागे बसा, आणि मुलाच्या स्क्रीनकडे बघून उसासे टाकू नका. मुलांना पाठीमागचं सगळं ऐकू येतं. परतताना "किती पडले?" हा प्रश्न गाडीत निदान अर्धा तास विचारू नका. त्याऐवजी आज किती शॉट सोडून दिले ते विचारा. सांगेल तो भरभरून.

घरी पोचलात की आधी रायफल पुसून कपाटात, छर्रे दुसऱ्या कपाटात, किल्ली तुमच्याकडे. मग साबणानं हात धुऊन जेवायला बसा.